प्रेमापोटी

कसबा बावड्याच्या कोर्टाबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये
तिसरं टेबल माझं. पानाला चाळीस रुपये,
स्टॅम्प पेपर वेगळा, नोटरीचा शिक्का वेगळा.
सत्तावीस वर्षं मी लोकांचं बोलणं
शुद्ध करून देतो.

कस्तुरा बापू नलवडे, वय चौतीस, धंदा चांदीकाम,
राहणार हुपरी, तालुका हातकणंगले.
ती म्हणाली, "मी देतो."
आमच्याकडच्या बायका असंच बोलतात,
येतो, जातो, जेवलो, रडलो.
मी टाइप केलं : मी देते.
"राजीखुशीनं," शेजारचा गॉगलवाला म्हणाला,
"आणि प्रेमापोटी. त्यो शब्द पायजेच. कमिटी त्योच बघती."

प्रेमापोटी.
एकच शब्द आहे, मध्ये जागा सोडायची नसते.

मूत्रपिंड घेणारा पुण्याचा. कागदावर मानलेला भाऊ.
बारा वर्षांच्या राख्या मी एका वाक्यात बसवल्या.
त्याच्या आईचं नाव तिनं तिथंच बाकावर पाठ केलं,
सुमतीबाई, सुमतीबाई, सुमतीबाई,
भडंगाच्या पुडीवर नजर ठेवून.

प्रिंट निघेपर्यंत विचारलं, "वजन किती असतंय ओ त्येचं?"
गॉगलवाल्यानं मोबाइलमध्ये बघितलं. दीडशे ग्रॅम.
"म्हंजे एक पैंजणजोड," ती म्हणाली.

शेठची दोन किलो चांदी तिच्या हातून तुटीत आली होती,
सातआठ वर्षांत, चिमूट चिमूट,
मुशीत, धुरात, झाळताना, कुणास ठाऊक कुठं.
चाळीस हजारांची असताना हरवलेली चांदी
नव्वद हजारांच्या भावानं फेडायची.
आधी ती कूसच द्यायला निघाली होती, गुजरातेत, नऊ महिने.
तवर कायदा आला.
"पुढचं बंद झालं," गॉगलवाला हसला,
"मागचं चालू हाय अजून."

मला काही माहीत नव्हतं, असं मी पोलिसांना सांगितलं.
तीन वेळा सांगितलं.
तिसऱ्यांदा हवालदारानं पेन खाली ठेवलं.
"पानाला चाळीस घेता न्हवं?
मग ह्या पानाला पाचशे कसं?"

आता कलम एकोणीस.
देणारा, घेणारा, जुळवणारा, कागद करणारा,
सगळे एका ओळीत.
गॉगलवाला फरार. पुण्याचा भाऊ
प्रकृतीच्या कारणास्तव गैरहजर.
डॉक्टरांचा अटकपूर्व मंजूर.
उरलो आम्ही दोघं, आरोपी चार आणि आरोपी सहा,
एका बाकावर, बंद पंख्याखाली, पुकारा होईपर्यंत.

नऊ लाख ठरले होते, अडीच मिळाले.
ते शेठनं मोजून घेतले आणि बाकीपोटी
तिची भट्टी उचलून नेली.
हे तिनं मला सांगितलं नाही.
जामिनाच्या अर्जात होतं, मुद्दा पाच.
माझ्याच शेडमध्ये टाइप झालेला अर्ज, दुसऱ्या टेबलावर.

कायदा बरोबर आहे.
माणूस विकायचा नसतो, तुकड्यानंही नाही.
एवढंच, की जिथं पैसा लिहायचा तिथं मी प्रेम लिहिलं,
आणि शब्दाच्या शेवटी पोट होतं
ते कमिटीत कुणी वाचलं नाही.
मीही नाही. मी फक्त वेलांटी तपासली.

पुकारा झाला.
साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का?
ती उठली, डावा हात बरगडीखाली दाबून.
वकील खुणावत होता, नाही म्हण, नाही म्हण.
"दिलो की," ती म्हणाली. "मी दिलो."

लघुलेखकाची बोटं थांबली.
सत्तावीस वर्षांची ओळख,
त्यानं सवयीनं माझ्याकडं बघितलं.